ऊन पातळ, गार दाट

गुऱ्हाळावर काकवी घ्यायला जावे, तर काहिलीतली ऊन काकवी डावातून सळसळत भांड्यात पडते. तीच घरी आणून ठेवा आणि पौषातल्या एखाद्या सकाळी भाकरीशी खायला म्हणून बरणी कलती करा. काकवी जागची हलायला तयार नसते. बरणीच्या तोंडाशी येऊन रेंगाळते, मग एक जाड धार कशीबशी सुटते. बरणी घटकाभर उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवली की पुन्हा मुकाट्याने वाहू लागते. काकवीत कोणी काही घातले नाही, तिच्यातून काही काढलेही नाही. बदलले ते फक्त तापमान.

हा अनुभव आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे की त्यात विचारण्यासारखे काही असेल असे वाटत नाही. पण याच साध्या गोष्टीवर रस्ते टिकतात किंवा उखडतात, गाडीची इंजिने झिजतात, शेकडो किलोमीटर लांबीच्या तेलवाहिन्या चालतात, आणि एका शहरात तर तिने माणसांचे बळीही घेतले आहेत. म्हणून आज तिच्याकडे जरा सावकाश पाहू.

द्रवाच्या वाहण्याला त्याच्या आतूनच जो विरोध होतो, त्याला शास्त्रात श्यानता म्हणतात. आपण घरात दाटपणा म्हणतो तो हाच. मात्र हा दाटपणा आणि जडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोडे तेल पाण्यापेक्षा दाट असते, पण हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगते. उलट पारा पाण्याच्या साडेतेरापट जड आहे, पण वाहण्यात त्याचा हात धरणारा सापडणे कठीण. द्रव वाहतो म्हणजे त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून हाताने ढकलला की पाने एकावर एक घसरतात, तसेच काहीसे. पाने कोरी असतील तर सहज घसरतील, चिकट झाली असतील तर जोर लावावा लागेल. जितका जोर जास्त, तितकी श्यानता जास्त.

आता थोडे आकडे पाहू. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता १ धरली, तर गोठण्याच्या बेताला आलेल्या पाण्याची ती १.८ भरते, ४० अंशांना ०.६५ होते आणि उकळत्या पाण्याची ०.२८ इतकीच उरते. म्हणजे चहासाठी ठेवलेले आधण हे माठातल्या पाण्याच्या मानाने बरेच ‘पातळ’ असते, डोळ्यांना ते दिसत नाही इतकेच. जलशुद्धीकरण केंद्रातल्या मंडळींना मात्र ते जाणवते. थंड पाण्यात गाळाचे बारीक कण तळाशी बसायला अधिक वेळ घेतात.

पाण्याच्या शेजारी एरंडेल ठेवा म्हणजे खरी गंमत कळते. २० अंशांना एरंडेल पाण्याच्या जवळजवळ हजारपट दाट असते. १० अंशांना तोच आकडा २४०० च्या घरात जातो, आणि ४० अंशांना २३० वर येतो. दर दहा अंशांमागे दाटपणा निम्म्याहूनही खाली! पूर्वी घरोघरी लहान मुलांना एरंडेल पाजण्याचा जो सोहळा होत असे, त्यात आजी वाटी आधी निखाऱ्याजवळ ठेवून कोमट करी आणि मग चहात मिसळून देई. चव काही सुधारत नसे, पण घशाखाली उतरायला लागणारा वेळ मात्र नक्की कमी होई.

असे का होते? द्रवातले रेणू एकमेकांना अगदी खेटून असतात. यात्रेच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसासारखी प्रत्येक रेणूची अवस्था असते. चहूबाजूंनी शेजारी, आणि त्या शेजाऱ्यांची ओढही असते. पुढे सरकायचे तर ती ओढ तोडून, शेजारची फट साधून उडी मारावी लागते. उडी मारायला ऊर्जा हवी. तापमान वाढते म्हणजे रेणूंची सरासरी ऊर्जा वाढते, आणि उडी मारण्याइतकी ऊर्जा असलेल्या रेणूंची संख्या तर फारच झपाट्याने वाढते. त्यामुळे तापमानात थोडा फरक पडला तरी दाटपणात मोठा फरक पडतो. ज्या द्रवाचे रेणू मोठे, लांब शेपटीचे, एकमेकांना घट्ट धरून ठेवणारे, त्याच्यात हा फरक अधिक. म्हणून एरंडेल, ग्लिसरीन, काकवी यांचे आकडे पाण्यापेक्षा इतके जोरात उतरतात.

वायूंचे मात्र नेमके उलटे आहे. हवा तापली की तिची श्यानता वाढते. वायूचे रेणू एकमेकांपासून दूर असतात, त्यांना शेजाऱ्याच्या मिठीतून सुटायचे नसते. तिथला विरोध रेणूंच्या इकडून तिकडे होणाऱ्या धावपळीतून आणि टकरींतून येतो, आणि धावपळ तापमानाबरोबर वाढते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने १८६५ च्या सुमारास लंडनमधल्या आपल्या राहत्या घराच्या माळ्यावर याची मोजमापे केली. खोलीचे तापमान हवे तसे राखण्यासाठी त्याची पत्नी कॅथरिन विस्तव सांभाळत असे. या कामाचे श्रेय बहुतेक वेळा एकट्या नवऱ्याच्या नावावर जमा होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आपल्या स्वयंपाकघरात हे शास्त्र रोज वापरले जाते. पाक एकतारी झाला का, हे पाहताना जाणती बाई पाकाचा थेंब आधी बशीत टाकून निवू देते आणि मग दोन बोटांत धरून तार पाहते. कढत पाक नेहमी आहे त्यापेक्षा पातळ भासतो, हे तिला पक्के ठाऊक असते. चिक्कीसाठी गुळाचा पाक गार पाण्यात टाकून पाहतात, तोही त्याच कारणाने. गुलाबजाम गरम पाकात सोडायचे, कारण पातळ झालेला पाक आतपर्यंत मुरतो. गार पाकात टाकले तर तो नुसता अंगाला चिकटून बसतो.

इथे कोणी विचारील, मग पिठले चुलीवर ठेवल्यावर दाट कसे होते? शंका रास्त आहे. पिठल्यात, खिरीत किंवा आरारोटाच्या पेजेत तापवल्यावर पदार्थच बदलतो. पिठातल्या स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि मोकळ्या पाण्याला वाहायला जागा उरत नाही. एकदा हे होऊन गेले की पुढे पिठलेही शिरस्त्याप्रमाणेच वागते. ताटात वाढलेले गरम पिठले पसरते, रात्री उरलेले सकाळी वडीसारखे कापता येते. गंधकाची तऱ्हा तर याहून न्यारी. ते साधारण ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान वितळून पातळ होते, पण १६० अंशांच्या पुढे गेल्यावर एकाएकी इतके घट्ट होते की भांडे कलते केले तरी ओघळत नाही. त्याच्या रेणूंची आठ अणूंची कडी उघडतात आणि एकमेकांना जोडून लांबलचक साखळ्या होतात, त्या परस्परांत गुंततात. आणखी तापवले की साखळ्या तुटतात आणि गंधक पुन्हा पातळ होते.

खोबरेल तेलाची गोष्टही निराळी धरायला हवी. थंडीत बाटलीत गोठलेले खोबरेल हे ‘दाट’ झालेले नसते, ते घनरूप झालेले असते. सुमारे २४-२५ अंशांच्या खाली त्याचे स्फटिक होतात. काकवी अशी एका ठरावीक अंशाला गोठत नाही, ती केवळ हळूहळू आळशी होत जाते.

आता घराबाहेर पडू. तुमच्या मोटारसायकलच्या इंजिनात घालायच्या तेलाच्या डब्यावर ‘२० डब्ल्यू ४०’ किंवा ‘१० डब्ल्यू ३०’ असे काही लिहिलेले असते. बरेच जण ते तापमानाचे अंश समजतात. ते अंश नव्हेत, दाटपणाच्या प्रती आहेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे इंग्रजीतला हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा तेल गारठ्यात कसे वागेल ते सांगतो, तो जितका लहान तितके तेल थंडीत लवकर वाहते. नंतरचा आकडा १०० अंशांना, म्हणजे इंजिन तापलेले असताना तेल किती दाट राहील ते सांगतो. इंजिनाची अडचण अशी की त्याला दोन्ही हवे असते. पहाटे तेल फार दाट असेल तर ते वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. दुपारी घाट चढताना तेल फार पातळ झाले, तर दोन भागांमधला त्याचा पडदा फाटतो आणि झीज होतेच. म्हणून अशा तेलात लांब साखळीचे रेणू मिसळतात. ते थंडीत आखडून बसतात आणि तापल्यावर पसरतात, त्यामुळे तेल जितके पातळ व्हायला हवे तितके होत नाही.

यावरून एक सांगावेसे वाटते. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर तिला रेस देत उभे राहण्याची जी पद्धत आहे, ती इंजिनाच्या मुळावर येणारी आहे. सुरू केल्यावर थोडा वेळ थांबून पहिले एक-दोन किलोमीटर बेताने चालवणे बरे. आणि जुनी गाडी धूर सोडू लागली की ‘जरा जाड तेल टाकू’ म्हणून सांगणारे मिस्त्री गल्लोगल्ली भेटतात. त्याने काही दिवस धूर कमी दिसेलही, पण झिजलेला भाग काही भरून येत नाही.

डांबरी रस्त्यांचे दुखणेही याच जातीचे आहे. डांबर सामान्य तापमानाला घट्ट असते, म्हणून हॉटमिक्स प्लांटमध्ये ते दीडशे अंशांच्या आसपास तापवून खडीत मिसळतात. पातळ झालेले डांबर खडीच्या प्रत्येक तुकड्यावर बसते. मग डंपर तो माल घेऊन कामाच्या जागी येतो. वाटेत तो निवत असतो आणि डांबर पुन्हा ताठर होत असते. मिश्रण साधारण ९० ते १०० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलरने दाबण्याचे काम उरकले पाहिजे. प्लांट लांब असला, वाहतुकीत डंपर अडकला, किंवा रात्रीच्या गारठ्यात माल पसरून ठेवून रोलरची वाट पाहत बसले, तर वरून रस्ता काळाभोर आणि गुळगुळीत दिसतो, पण आत पोकळ्या राहतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या पोकळ्यांत शिरते. त्यानंतरचा खड्डा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. खड्ड्यांची सारी जबाबदारी पावसावर टाकली जाते. त्यातली काही तरी थर्मामीटर न लावणाऱ्यांवर टाकायला हवी.

उन्हाळ्यात दुखणे उलट बाजूने येते. विदर्भात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते तेव्हा काळा रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापतो. डांबर मऊ पडते आणि जड ट्रकांच्या चाकांखाली दाबले जाऊन लांबच लांब चाकोऱ्या पडतात. म्हणूनच आपल्याकडे २००६ च्या मानकापासून डांबराची प्रत त्याच्या श्यानतेवरून ठरवतात, आणि ती श्यानता ६० अंशांना मोजतात, कारण भर उन्हातल्या रस्त्याचे तापमान तेवढ्याच घरात असते. ‘व्हीजी-३०’, ‘व्हीजी-४०’ ही नावे त्यातूनच आली. जिथे ऊन कडक आणि वाहतूक जड, तिथे अधिक दाट प्रतीचे डांबर वापरतात.

डांबर घट्ट असते असे म्हटले खरे, पण ते वाहतच नाही असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात टॉमस पार्नेल या प्राध्यापकाने १९२७ साली पिच, म्हणजे डांबराचाच एक ठिसूळ प्रकार, तापवून काचेच्या नरसाळ्यात भरला. तो स्थिर होऊ देऊन १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड उघडले. हातोडी मारली तर पिच काचेसारखे फुटते. पण नरसाळ्यातून ते थेंबाथेंबाने पडत राहिले. पहिला थेंब १९३८ साली पडला. त्यानंतर १९८८ पर्यंत साधारण सात ते नऊ वर्षांनी एकेक थेंब पडत गेला. मग त्या इमारतीत वातानुकूलन बसवले. सरासरी तापमान थोडे उतरले, आणि पुढचा थेंब पडायला बारा वर्षे लागली. तो पडला नोव्हेंबर २००० मध्ये. त्याच्या पुढचा, नववा, थेट एप्रिल २०१४ मध्ये.

खनिज तेलवाल्यांना इतका धीर धरता येत नाही. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या मंगला क्षेत्रातून २००९ साली तेल निघू लागले, ते मेणाने इतके भरलेले की जमिनीतून वर येऊन निवले की थिजते. ते गुजरातच्या किनाऱ्याकडे न्यायचे कसे? त्यासाठी साडेसहाशे किलोमीटरांहून लांब अशी तेलवाहिनी बांधली आणि ती सबंध वाटभर विजेने तापती ठेवली. तेल सुमारे ६५ अंशांवर राहते, म्हणून वाहते. लडाखात प्रश्न डिझेलचा येतो. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधल्या मेणाचे कण वेगळे होतात आणि नळ्या व गाळण्या चोंदतात. तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहू शकणारे खास हिवाळी डिझेल २०१९ पासून मिळू लागले.

आणि आता ती बोस्टनची गोष्ट. अमेरिकेतल्या या शहरात बंदराजवळ, दाट वस्तीच्या भागात, मळीची एक अवाढव्य लोखंडी टाकी होती. साखर कारखान्याच्या परिसरातून गेलेल्या माणसाला मळी म्हणजे काय ते सांगायला नको. तिच्यापासून मद्यार्क करतात, तसाच तिथेही करत. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी मद्यार्काची मागणी वाढली होती, आणि १९१५ साली टाकी घाईने उभी केली होती. ती सुमारे पंधरा मीटर उंच होती. सांध्यांतून मळी गळत असे. कंपनीने त्यावर उपाय म्हणून टाकीला तपकिरी रंग दिला, म्हणजे ओघळ दिसू नयेत!

जानेवारी १९१९ च्या मध्यास कॅरिबियन भागातून आलेल्या जहाजाने मळीचा नवा साठा टाकीत भरला. पंपाने चढवता यावी म्हणून ती कोमट केलेली होती. आत आधीची गार, दाट मळी होतीच. १५ जानेवारीला थंडी जरा ओसरली होती, पारा ४ अंशांच्या आसपास होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास टाकी फुटली. सुमारे ८७ लाख लिटर मळी एकदम रस्त्यावर आली. लाटेची उंची सात मीटरांच्या घरात आणि वेग ताशी ५५ किलोमीटरांच्या आसपास होता, असा अंदाज आहे. घरे पायावरून सरकली, उंच लोहमार्गाचे खांब वाकले. २१ माणसे मेली, दीडशे जखमी झाली. घोडे किती गेले याची तर मोजदादच नीट झाली नाही.

मळीसारखा दाट पदार्थ इतक्या वेगाने कसा धावला, हे कोडे बरीच वर्षे लोकांना पडत आले. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचा हिशेब मांडला. मळी पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असते. एवढ्या उंचीवरून एवढा जड द्रव सुटला की पहिल्या काही क्षणांत त्याच्या वजनापुढे श्यानतेचे काही चालत नाही. टाकीतली मळी बाहेरच्या हवेपेक्षा ऊन होती, याचाही हातभार लागला. खरा घात पुढे झाला. मळी रस्त्यावर पातळ थरात पसरली, थंड हवेला उघडी पडली आणि निवू लागली. दुपार कलली तसा तिचा दाटपणा कित्येक पटींनी वाढत गेला. लाटेतून वाचलेली पण कमरेएवढ्या मळीत अडकलेली माणसे हात-पाय हलवतील तेवढी अधिक रुतत होती. सोडवायला आलेल्यांना पाऊल उचलणे मुश्कील झाले. अग्निशामक दलाच्या कोसळलेल्या इमारतीखाली अडकलेल्यांपैकी एक जवान बाहेर काढण्यापूर्वीच गेला. रस्ते धुण्यासाठी शेवटी बंदरातले खारे पाणी मारावे लागले. टाकी घातपाताने उडवली असा बचाव कंपनीने केला, पण तो टिकला नाही. १९२५ साली दोष टाकीच्या बांधणीतच असल्याचा निष्कर्ष निघाला आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली.

एवढ्या थोड्या अंतरात आणि एवढ्या थोड्या वेळात मळी निवून थबकली. मग आपल्या सह्याद्रीचे काय? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जो लाव्हा बाहेर आला, तो ११००-१२०० अंश तापमानाचा होता. त्या तापमानाला असा बेसाल्टचा लाव्हा एरंडेलाच्या दहापट ते शंभरपट दाट असतो, म्हणजे चांगल्या मधासारखा. दगडाच्या मानाने हे पातळच म्हणायचे. त्यामुळे त्याचे उंच सुळके न होता तो सपाट पसरला. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्या. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ‘ट्रॅप’ हा पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे.

पण लाव्हा निवला कसा नाही? निवला, पण फक्त वरून. हवा लागल्याबरोबर वर साय धरली. दगडाची साय उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे आतला लाव्हा ऊन आणि म्हणूनच पातळ राहिला, आणि सायीखालून पुढे सरकत राहिला. पुढे सरकताना वरची साय उचलली जाई आणि थर आतून फुगत जाई. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी बेसाल्टचे असे थर आहेत, जे दख्खनच्या लाव्ह्याचेच असल्याचे भूशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. म्हणजे पश्चिमेकडून निघालेला तो लाव्हा सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला होता. इतक्या लांब गेलेला दुसरा लाव्हा पृथ्वीवर आजवर सापडलेला नाही.